डोक्याची जखम भरली, मग काम का जमत नाही? मेंदूच्या दुखापतीनंतर कामावर परतताना

दवाखान्यातून सुटी मिळते, टाके निघतात, चेहऱ्यावरची सूज उतरते. अपघाताला महिना झालेला असतो. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, नातेवाईकांना ओळखतो. मग घरात, गावात आणि कामाच्या ठिकाणी एकच प्रश्न सुरू होतो: आता कामावर कधी?

डोक्याला जबर मार लागलेल्या अनेकांचं खरं दुखणं इथून पुढे सुरू होतं. कामावर गेल्यावर कळतं की सांगितलेलं लक्षात राहत नाही. दोन माणसं एकदम बोलली की गोंधळ उडतो. दुपारपर्यंतच अंगातलं त्राण संपतं आणि क्षुल्लक गोष्टीवरून भांडण होतं. बाहेरून काहीच दिसत नसल्यानं लोक आपापल्या परीनं अर्थ लावतात. कुणी कामचोर म्हणतं, कुणी 'डोक्यावर परिणाम झाला' असं कुजबुजतं, काही घरांत अंगारा-धुपारा सुरू होतो. प्रत्यक्षात मेंदूच्या दुखापतीचा हा ओळखीचा परिणाम आहे. तो वेळेत ओळखला नाही तर माणूस बरा होत असतानाच नोकरी गमावून बसतो.

सातारा जिल्ह्यातल्या पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात हा विषय जवळचा आहे. गुहागर–विजयपूर महामार्ग तालुक्यातून जातो आणि पुढे कुंभार्ली घाटानं कोकणात उतरतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि त्यांच्यामधून दुचाकी वाट काढत असतात. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं शाकारताना छपरावरून पडणं आणि झाडावरून पडणं हेही इथे नवं नाही. शिवाय तालुक्यातली कितीतरी घरं मुंबई-नवी मुंबईतल्या अंगमेहनतीच्या कमाईवर उभी आहेत. तिथे झालेल्या अपघातानंतर माणूस विश्रांतीला गावी येतो आणि कामावर परतण्याचा निर्णय गावातच होतो, बहुतेक वेळा डॉक्टरांना न विचारता.

मार लागतो तेव्हा आत काय होतं?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि द्रवात तरंगतो. धावत्या गाडीवरून डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा कवटी जागीच थांबते, पण मेंदू आतून तिच्यावर आदळतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो. त्यामुळे कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग जास्त खरचटतो. नेमके हेच भाग बेत आखणं, स्वतःला आवरणं, नवी गोष्ट लक्षात ठेवणं ही कामं करतात. मार मागून लागला तरी पुढचा भाग दुखावू शकतो तो यामुळेच.

दुसरा प्रकार आणखी फसवा आहे. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा सगळीकडे विखुरलेली असते आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. सीटी स्कॅनचं पहिलं काम असतं रक्तस्राव, गाठ किंवा फ्रॅक्चर शोधणं, म्हणजे तातडीनं ऑपरेशन लागणार का ते ठरवणं. 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ जीवघेणं काही सापडलं नाही, एवढाच घ्यायचा. मेंदूचं काम पूर्ववत चालू आहे, अशी हमी त्यात नसते. घरच्यांचा आणि मालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज या एका वाक्यातून होतो.

दुखापत किती गंभीर हे ठरवण्यासाठी ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. हा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला असतो. अपघातानंतर किती वेळ किंवा किती दिवस नव्या आठवणी बनतच नव्हत्या, हेही तितकंच महत्त्वाचं. 'दवाखान्यात कोण भेटायला आलं ते त्याला आठवत नाही' असं घरचे सांगतात ते याबद्दल. हा काळ जितका लांब, तितकी पुढची वाट अवघड.

सौम्य दुखापतीत बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार सुरू करणं, हा आजचा सल्ला आहे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नसते. मध्यम आणि गंभीर दुखापतीत सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, नंतर मंदावते, पण दोन वर्षांपर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही चालू राहते.

नेमकं काय बिघडतं?

'विसर पडतो' हा शब्द घरात सर्रास वापरला जातो, पण तो पुरेसा नाही. जुन्या आठवणी बहुधा शाबूत असतात. शाळेतले मास्तर, लग्नाची तारीख, कोणत्या शेतात कधी काय लावलं होतं, सगळं आठवतं. अडतं ते नव्या गोष्टींपाशी. सकाळी सांगितलेलं काम दुपारी आठवत नाही. 'अर्ध्या तासानं मोटर बंद कर' हे ऐकलेलं असतं, कबूलही केलेलं असतं, पण अर्ध्या तासानं आपोआप आठवायला हवं ते आठवत नाही. पुढे करायच्या गोष्टीची आठवण वेळेवर येणं हे मेंदूचं वेगळं काम आहे आणि दुखापतीत ते लवकर कोलमडतं.

लक्ष टिकत नाही. शांत खोलीत माणूस ठीक बोलतो, पण बाजारात, कारखान्यात किंवा लग्नाच्या मांडवात गोंधळतो, कारण नको ते आवाज गाळून टाकण्याची ताकद कमी झालेली असते. विचारांचा वेग मंदावतो. उत्तर येतं, पण उशिरा, आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

यापेक्षा अवघड बिघाड असतो तो कामाची सुरुवात, क्रम आणि शेवट यांत. एकेक पायरी सांगितली तर माणूस सगळं करतो. 'तुझं तू बघून घे' म्हटलं की तासभर बसून राहतो. याला आळस म्हणतात. आळशी माणसाला काम टाळायचं असतं, इथे मात्र काम कुठून सुरू करायचं हेच सुचत नाही. अनेकांना आपल्यात काही कमी आहे याची जाणीवही नसते. 'मला काय झालंय? उद्यापासून जातो' असं ते मनापासून म्हणतात. मेंदूचा जो भाग स्वतःकडे पाहतो तोच दुखावलेला असतो, त्यामुळे याला खोटेपणा किंवा हट्ट समजू नये. म्हणूनच तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी फक्त रुग्णाला विचारून भागत नाही, रोज सोबत राहणाऱ्या माणसाचं ऐकावं लागतं.

थकव्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नोकरी सुटण्यामागे तो मोठा वाटेकरी असतो. पूर्वी न विचार करता होणारं काम आता सगळी शक्ती लावून करावं लागतं. सकाळी दहाला बरोबर असलेला हिशेब दुपारी तीनला चुकतो. त्यातून चिडचिड, त्यातून भांडण. झोप बिघडलेली, डोकं दुखतंय, वर मन उदास. काही जणांचा वासही जातो. स्वयंपाकीण, आचारी, गॅसवर काम करणारे किंवा शेतात फवारणी करणारे यांच्यासाठी ती धोक्याची गोष्ट आहे, पण विचारल्याशिवाय कुणी ती सांगत नाही.

मुकादम गेज आणि कॅप्टन कॉन्ट्रॅक्टर

मेंदूच्या दुखापतीच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं नाव फिनिअस गेजचं. गेज अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर एका टोळीचा मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ ला व्हरमाँटमध्ये सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि मीटरभर लांबीची, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण मुकादमी त्याला परत मिळाली नाही. अपघाताआधी कामात पक्का आणि माणसं सांभाळणारा म्हणून ज्यांनी त्याला नावाजलं होतं, त्यांनीच स्वभाव बदलला म्हणून नाकारलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. पुढचा भाग कामाचा आहे. गेज नंतर तबेल्यात राबला, मग दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत राहिला. अनेक घोडे, उतारू, लांबचा रस्ता, म्हणजे काम सोपं नव्हतं. पण वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, रोजचा क्रम तोच. गेजचा अभ्यास करणारे ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांचं म्हणणं असं की या बांधलेल्या दिनक्रमानंच तो बराचसा सावरला असावा. माणसं हाताळण्याचं, क्षणाक्षणाला निर्णय घेण्याचं काम त्याला जमलं नाही. घट्ट चौकट असलेलं काम जमलं. १८६० मध्ये त्याला फिट येऊ लागल्या आणि त्यातच तो गेला. अपघाताला तेव्हा अकरा वर्षं उलटून गेली होती.

आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. १७ मार्च १९६२ ला बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, तातडीनं ऑपरेशन झालं. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा २८ वर्षांचे होते. सुमारे दहा महिन्यांनी ते पुन्हा मैदानात उतरले आणि १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. कसोटी मात्र पुन्हा खेळायला मिळाली नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी काढली. कामावर परतणं म्हणजे दर वेळी त्याच खुर्चीवर परतणं असतंच असं नाही.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मेंदूला इजा झालेल्या दर दहांपैकी साधारण चार जण एक-दोन वर्षांत कामावर परतलेले त्यांना दिसले. हातपाय धड असूनही बाकीचे का परतत नाहीत, याचं मोठं कारण वर सांगितलेल्या अदृश्य बिघाडात आहे.

टोळीत परतताना

माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत आजही या भागातली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. माथाडी कामाचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यावंसं आहे, कारण 'ओझं उचलायला डोकं कशाला लागतं?' असं सहज म्हटलं जातं.

डोकं लागतं. ट्रकमधून गोणी उतरवताना पाठीवर वजन, पायाखाली अरुंद फळी, मागून येणारा दुसरा गडी, शेजारी मागे येणारा टेम्पो, वरून मुकादमाची हाक, हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. थप्पी लावताना अंदाज चुकला तर दुसऱ्याच्या अंगावर माल येतो. लक्ष विभागणं आणि वेगानं ठरवणं हीच दुखापतीनं अधू झालेली कौशल्यं इथे पणाला लागतात. तोल आणि चक्कर हा वेगळाच मुद्दा. टोळीत काम आणि मजुरी दोन्ही एकमेकांशी बांधलेली असतात. एक जण मंदावला की सगळ्यांना जाणवतं. सोबती पहिले पंधरा दिवस सांभाळून घेतात, मग कुरकुर सुरू होते.

याचा फायदाही करून घेता येतो. टोळीत बहुतेक जण एकमेकांच्या गावचे, भावकीतले असतात. नेमकं काय बिघडलंय हे मुकादमाला आधीच समजावून सांगितलं तर वेगळी वाटणी होऊ शकते. सुरुवातीला अर्धा दिवस, तोही सकाळचा. गर्दीच्या वेळी नाही. फळीवर किंवा उंचावर नाही. एका वेळी एकच काम, आणि सांगणारा माणूसही एकच. काही आठवडे हे नीट जमलं की तास वाढवायचे, मग कामाचा प्रकार. तास आणि जबाबदारी एकदम वाढवली की बहुतेक वेळा गाडी घसरते.

इतर कामांतही हीच रीत. अंगणवाडी सेविकेनं सुरुवातीला मुलांसोबत बसावं, नोंदवह्या दुसऱ्या कुणी भराव्यात. दुकानदारानं गल्ल्यावर बसण्याआधी मालाची मांडणी करावी. शिक्षकाला एक वर्ग, तोही पहिल्या तासाला. शेतकऱ्यानं कडबाकुट्टी, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं काम शेवटी घ्यावं.

वाहन चालवण्याबद्दल घाई नकोच. लायसन्सच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न असतो. डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर फिट महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतात. फिटची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करणं आणि पगाराच्या दिवशीची 'थोडीशी' दारू, या दोन गोष्टींनी बऱ्या होत आलेल्या माणसाला पुन्हा दवाखान्यात नेलं जातं.

उपचार कुणाकडे?

ऑपरेशन करणाऱ्या न्यूरोसर्जनचं काम जीव वाचवणं. काम परत शिकवणारी माणसं वेगळी असतात. पाटणहून पस्तीसेक किलोमीटरवर कराडला मोठं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुढे मिरज आणि सांगली, वर पुणे. तिथे फेरतपासणीला जाताना 'डोकं दुखतं का' यापलीकडे विचारून घ्यायचं: स्मरण, लक्ष, विचारांचा वेग यांची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी होईल का? पाच-दहा मिनिटांच्या छोट्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा माणूस कामावर सपशेल अडखळू शकतो. सविस्तर चाचणीला काही तास लागतात. तिच्यातून काय शाबूत आहे आणि काय नाही हे कळतं, म्हणजे काम त्यानुसार बेतता येतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा या सगळ्यातला सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी माहीत असलेला माणूस. फिजिओथेरपी हातपाय चालवते. ऑक्युपेशनल थेरपी रोजची आणि पोटापाण्याची कामं पुन्हा जमवून देते. या विद्येचं पहिलं भारतीय महाविद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं आणि ते उभं केलं कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. फलटणचे कृषी संशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, म्हणजे नातं सातारा जिल्ह्याशीच. मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही १९५५ पासून आहे. मुंबईत नातेवाईक असलेल्या पाटणच्या कुटुंबांना हे दोन पत्ते गैरसोयीचे नाहीत.

थेरपिस्ट शिकवतो त्यातलं बरंच काही घरी, बिनखर्चाचं आहे. खिशात एकच वही, त्यात रोजची कामं, झालं की खूण. मोबाईलचा गजर फक्त वाजणारा नको, 'मोटर बंद कर' असं नाव दिलेला हवा. किल्ली, पाकीट, गोळ्या यांची जागा पक्की. मोठ्या कामाचे तुकडे करून क्रमानं लिहिलेले. दर तास-दीड तासानं दहा मिनिटं शांत बसणं, थकल्यावर नाही तर थकायच्या आधी. या गोष्टी पोरकट वाटतात आणि पुरुषमंडळींना वही बाळगण्याची लाज वाटते. वही वापरणारे टिकतात, हा मात्र पुनर्वसन करणाऱ्यांचा जगभरचा अनुभव आहे.

नोकरी, भरपाई आणि कागद

सरकारी नोकरीत असलेल्यांना कायद्याचं भक्कम संरक्षण आहे, पण ते माहीत नसल्यानं लोक घाबरून राजीनामा देतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. राजीनामा लिहून दिला की हे संरक्षण मागणं फार कठीण होऊन बसतं. खासगी नोकरीत इतकी ठाम तरतूद नाही, तिथे बोलणी आणि डॉक्टरांचं पत्र यांवरच भिस्त.

अडचण प्रमाणपत्राशी येते. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण अपघातातल्या मेंदूच्या दुखापतीचं वेगळं नाव त्यात नाही. त्यामुळे परिणाम काय झाला यावरून मोजमाप होतं: हातापायात कमजोरी असेल तर एका प्रकारात, बोलणं गेलं असेल तर दुसऱ्यात. फक्त स्मरण आणि वागणूक बिघडली असेल तर प्रकरण लोंबकळतं. कायद्यातली 'मानसिक आजार' ही व्याख्या विचार, स्मरण आणि भान यांतल्या मोठ्या बिघाडालाही लागू होते. या शब्दाला बिचकून अनेक कुटुंबं अर्जच करत नाहीत. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासारख्या नेमलेल्या ठिकाणी जायचं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात.

रस्ता अपघातातल्या भरपाईचं गणित निराळं. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, अशी मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं घातली. स्मरणाचे त्रास पुरते लक्षात येईपर्यंतच निम्मी मुदत गेलेली असते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शरीराच्या दिव्यांगत्वाचा टक्का आणि कमाई बुडाल्याचा टक्का एकच धरता येत नाही. डावा हात गमावलेला ड्रायव्हर आणि डावा हात गमावलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं, हे उदाहरण न्यायालयानंच दिलं. मेंदूच्या दुखापतीला हे तत्त्व चपखल बसतं. पण त्यासाठी पुरावा लागतो आणि नॉर्मल सीटी स्कॅन हा पुरावा होत नाही.

कामावर असताना अपघात झाला असेल तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचा मार्ग असतो. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आहे. नोंदणीकृत माथाडींनी आपल्या मंडळाकडे ताबडतोब कळवावं.

फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड, ग्लासगो गुणांची नोंद, सविस्तर चाचणीचा अहवाल, आधीच्या पगाराच्या पावत्या हव्यातच. त्यांच्या जोडीला घरच्यांनी तारीखवार लिहिलेली साधी वही ठेवावी: १२ तारखेला गॅस चालू राहिला, १५ ला पाटणच्या स्टँडवर कोणत्या एसटीत बसायचं ते सुचेना, २० ला दोन तास काम करून झोपला. तपासणाऱ्या डॉक्टरला आणि वकिलाला या वहीतून जे कळतं ते कोणत्याही स्कॅनमध्ये नसतं. ती अपघातानंतर घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून लिहायला घ्यावी.